खंडेनवमीचा शब्द

"आल्या बघ शब्दवाल्या काकू. खिडकीकडे तोंड कर, नाहीतर तुलापण विचारतील."

निगडीच्या स्टॉपवर, कंपनीच्या बसमध्ये, मागच्या सीटवरून हे माझ्या कानावर आलं. मी नवीन होते, आणि खिडकीकडे तोंड करण्यात मला लहानपणापासून कुणी हरवलेलं नाही. तरी काकू नेमक्या माझ्याच शेजारी बसल्या, डब्याची पिशवी मांडीवर घेतली आणि म्हणाल्या, "तुझा कोणता चालू हाय?" मला वाटलं, मोबाइलचा प्लॅन विचारतायत.

आमच्या कारखान्यांच्या पट्ट्यात माणसं शिफ्ट बदलतात, कंपनी बदलतात, भाड्याच्या खोल्या बदलतात. पण दरवर्षी स्वतःलाच बदलायला काढणारं माणूस मी एकच पाहिलं. ते महाळुंग्याच्या आमच्या कारखान्यात, स्टोअरच्या जाळीमागे बसून हातमोजे आणि बोल्ट वाटायचं. खंडेनवमीला सगळ्या मशिन पुसून त्यांना हार घालतात, हळदीकुंकू लावतात, खडूनं शुभ-लाभ लिहितात. काकू मात्र बोल्ट तोलायच्या काट्यावर कुंकवानं एकच शब्द लिहायच्या. तो शब्द पुढच्या खंडेनवमीपर्यंत त्यांचा. "हातोडीला कुंकू, पान्याला कुंकू," त्या म्हणायच्या, "आन् बाईमाणसाचं खरं हत्यार जीभ, तिला कोन लावतंय?"

शब्द त्यांचा असला तरी भोगायचा सगळ्यांनी. 'हळू'च्या वर्षी त्यांनी बसच्या ड्रायव्हरला रोज हळू चालव म्हणून सांगितलं. शेवटी तो हात जोडून म्हणाला, "काकू, चाकणच्या ट्रॅफिकमध्ये याच्याहून हळू म्हणजे मागं जावं लागंल!" 'का'च्या वर्षी जाळीसमोर रांग लागायची. मोजे का? फाटले. का फाटले? एकदा खुद्द मोठे साहेब पेन मागायला आले. "का?" "लिहायला." "का लिहायचंय?" साहेबांनी जरा विचार केला आणि पेन न घेताच परत गेले. आणि 'नको'चं वर्ष तर अजून कँटीनमध्ये सांगतात. पाहुणे आले की चहाचा ट्रे आणि पेढ्यांचा बॉक्स घेऊन बाईनंच हसत उभं राहायचं, असा आमच्याकडचा रिवाज. काकूंना बोलावणं आलं. त्यांनी जाळीतूनच सांगितलं, "नको." आपण काही तरी चुकीचं ऐकलं असं वाटून निरोप्या पुन्हा आला. पुन्हा "नको." त्या दिवशी आमच्या साहेबांना पेढ्याच्या बॉक्सची सुतळी कशी सोडतात ते पहिल्यांदा कळलं. लोक हसायचे, तोंडावरसुद्धा. काकू हसू संपेपर्यंत थांबायच्या आणि म्हणायच्या, "झालं का? मग बोल्ट घ्या आन् चला."

मी क्वालिटीत. पार्टची भोकं जागेवर आहेत का हे पटकन कळावं म्हणून मी एक साचा तयार केला होता. पार्ट त्यात बसला तर पास, अडला तर नापास. तो चालला, आणि मीटिंगमध्ये आमचे साहेब म्हणाले, "आमच्या टीमनं केलं." टीममध्ये मी एकटीच होते. मी पाण्याच्या बाटलीचं झाकण घट्ट करत बसले. आमच्या इंग्लिश मीडियम शाळेत बोलण्याआधी हात वर करायचा आणि बाई नाव घेईपर्यंत थांबायचं. माझं ते थांबणं अजून संपलेलं नव्हतं.

त्याच सुमारास कंपनीनं एक ट्रेनिंग ठेवलं. कोट घातलेल्या ट्रेनरनं प्रत्येकाला वर्षाचा शब्द निवडायला लावला, रंगीत चिठ्ठीवर लिहून भिंतीवर चिकटवायचा. अर्ध्या भिंतीवर 'ग्रोथ'. मी कोपऱ्यात 'बॅलन्स' लावला. काकू चिकटपट्टी द्यायला आल्या होत्या, त्यांनी वाचलं.

"हा तुझा हाय, का भिंतीवर जागा होती म्हनून लावलास?"

"चांगला आहे ना, काकू."

"चांगला हाय. माझ्या जावंचा सोफापन चांगला हाय, पर तिथं बसवत न्हाई." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "शब्द असा पाहिजे बाय, की म्हनताना गळ्यात अडकला पाहिजे. जो सहज निघतो त्याला वर्षभर कशाला सांभाळायचा?"

खंडेनवमीला त्यांनी कुंकवाची वाटी माझ्यापुढे धरली. माझ्याकडे मशिन नाही, म्हटलं. "साचा हाय की." मी साच्याच्या कडेला, नखाएवढ्या अक्षरात लिहिलं: मी.

लाइनवरचा एकजण वाकून बघायला लागला. "मॅडम, पुढचं विसरलात का?"

"पुढचं ती वर्षभर लिहील," काकू म्हणाल्या. "तू नारळ फोड."

स्वतःच्या काट्यावर मात्र त्यांनी नुसतं कुंकवाचं बोट टेकवलं. "माझा बघू नंतर." दिवाळीला त्या रिटायर झाल्या आणि गावी, माणला मुलाकडे गेल्या. आता जाळीमागे एक सभ्य गृहस्थ बसतात. मागितलं की देतात, काही विचारत नाहीत. मला मोजे घेऊन चुकल्याचुकल्यासारखं होतं. एकदा फोन केला, शब्द काय ठरला विचारलं. "अजून न्हाई बाय. सून चांगली हाय, सगळं हातात देते. कुनी हसायलाच न्हाई, तर शब्द कुनापुढं धरू?" मग एकदम, जुन्या आवाजात, "तुझं काय झालं? म्हनलीस का कुठं?"

म्हटलं नव्हतं. गेल्या आठवड्यात मोठ्या गिऱ्हाइकाची माणसं साचा बघायला येणार होती. जो समजावून सांगेल त्याच्याकडेच नव्या लाइनचं काम जाणार, हे सगळ्यांना माहीत होतं. साहेब म्हणाले, "तू स्लाइड बदल. बोलायचं मी बघतो, तू तशी शाय आहेस." मी मान हलवली. मान फार पटकन हलते माझी.

पाहुणे बसले. साचा टेबलावर होता, कडेचं कुंकू तेलानं कधीच पुसलं गेलं होतं. साहेब उठले, घसा साफ केला. "तर आमच्या टीमनं..."

माझा हात सवयीनं वर निघाला होता. तो मी खाली घेतला आणि उभी राहिले. गळ्यात ते नखाएवढं अक्षर अडकलं होतं. आवाज फाटला, पण आला.

"सर, तुम्ही बसा. हे मी केलंय. मीच सांगते."