पेरू म्हंजे काय?

मी डी.एड.च्या दुसऱ्या वर्षाला असताना देशभरातल्या शाळांची चाचणी आली. ती घ्यायला आम्हा विद्यार्थ्यांनाच पाठवलं. मला मिळाली खटकचिंचोळीच्या पुढची एक मराठी शाळा, तिसरीचा वर्ग. प्रश्न मोठ्यानं दोनदा वाचायचा, अर्थ सांगायचा नाही, हे इतक्यांदा बजावलं होतं की मला वर्गात पाणी प्यायचीही भीती वाटायली होती.

मुख्याध्यापकांनी दारातच हात जोडले. "म्याडम, पोरं घाबरायलीत. जरा सांभाळून घ्या."

मी वर्गात गेले. मागच्या भिंतीशी निरीक्षक बसले होते.

निम्मे प्रश्न नीट गेले. मग मी वाचलं, "पेरू कशाला लागतो? वेलीला, झाडाला..."

पहिल्या रांगेतली एक मुलगी उभी राहिली. "म्याडम, पेरू म्हंजे काय?"

आमच्या भागात त्याला जांब म्हणतात. मीसुद्धा घरी जांबच म्हणते. एका शब्दाचं काम होतं, पण निरीक्षकांनी मान वर केली होती. मी प्रश्न तसाच पुन्हा वाचला.

"पन म्हंजे काय?"

"खाली बस!" आवाज मला हवा होता त्याहून कडक निघाला.

ती बसली. पेन्सिल खाली ठेवली, ती पुढच्या तीन प्रश्नांना उचललीच नाही. मी वाचत होते, पण नजर तिच्या हातावर. चौथ्याला तिनं पेन्सिल घेतली तेव्हा कुठं मला धड श्वास घेता आला.

दुपारी पोरांनी प्रश्नपत्रिकेवर खूण केलेली सगळी उत्तरं मलाच उत्तरपत्रिकेवर गोल काळे करून उतरवायची होती. तिचे चार प्रश्न कोरे. निरीक्षक चहाला गेलेले. पेन 'झाडाला'च्या गोलावर टेकलं होतं. मी उठून बाहेर गेले, तिला हाक मारली.

"जांब कशाला लागतो गं?"

"झाडाला. आमच्या रानात हायत की दोन."

"पेरू म्हणजे तेच."

"तुमाला ठावं व्हतं?"

"व्हय."

"मग तवा कामून न्हाई सांगितलं?"

आत येऊन ते गोल मी कोरेच ठेवले. अहवालातल्या अडचणींच्या रकान्यात लिहिलं, 'इथं पेरूला जांब म्हणतात.' निरीक्षकांनी ते वाचलं, "हे कोण बघणार हाय?" म्हणाले आणि पाकीट लाखेनं बंद केलं.

बसची वाट बघत उभी होते तेव्हा शाळा सुटली. पोरी घोळक्यानं समोरून गेल्या. बाकीच्यांनी मला हात हलवून टाटा केलं. तिनं केलं नाही.