गिरणीत ऐकू येणारा माणूस

माझ्या बायकोने माझ्याशी अबोला धरला आहे, हे मला नवव्या दिवशी कळलं. तेही शेजारच्या वहिनींकडून.

आधी माझी बाजू ऐका, कारण घरात ती अजून कुणी ऐकून घेतलेली नाही. नाशिक रोडला माझी पिठाची गिरणी आहे. दिंडोरीहून एका पिशवीनिशी आलो, दुसऱ्याच्या गिरणीत सहा वर्षं डबे उचलले आणि मग एक जुनी चक्की अशी घासाघीस करून घेतली, की विकणारा शेवटी म्हणाला, "घेऊन जा बाबा, पण आता बोलू नको." पहिल्या भावाला मी कधीच हो म्हटलेलं नाही. लग्नाच्या बोलणीत मुहूर्तसुद्धा अर्धा तास पुढे ढकलून घेतला होता. (गरज काहीच नव्हती. पण समोरचा म्हणतो म्हणून लगेच मान्य करायचं?)

नव्वदच्या दशकाच्या शेवटी, चाळिशीच्या आतच, मला घरात ऐकू येईनासं झालं. मंगल, म्हणजे आमची बायको, बोलायची आणि मला नुसते ओठ हलताना दिसायचे. मी खेकसायचो, पुटपुटू नकोस. मग मुलगी पुटपुटायला लागली, टीव्ही पुटपुटायला लागला, सगळ्या नाशिकने माझ्याविरुद्ध कट केला. गिरणीत मात्र, चक्की घरघरत असताना, पट्टा फटफटत असताना, सगळं स्वच्छ! रांगेत मागे उभी असलेली बाई शेजारणीला म्हणाली, "हा पीठ मारतो," की मी पुढून ओरडायचो, "वजन करून घ्या ना!" माझ्या कानांची सगळ्या कॉलनीत कीर्ती होती.

ती कीर्ती मंगलपर्यंत पोचली, तिथेच घोळ झाला. बाहेरच्या बायकांचं चक्कीच्या आवाजात ऐकू येतं, घरच्या बाईचं शांततेत येत नाही, म्हणजे नवरा सोंग करतो. तिने बोलणंच बंद केलं. मला ते आठ दिवस घर फार छान वाटत होतं.

वहिनींनी उलगडा केल्यावर मी भडकलो आणि मंगलला कानाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेलो. कान बरा व्हावा ही इच्छा नंतरची. आधी मला तिच्यासमोर निर्दोष सुटायचं होतं.

डॉक्टरांनी एक दुतोंडी चिमटा वाजवून माझ्या कानाजवळ धरला. काही नाही. तोच कानामागच्या हाडावर टेकवला, तर डोक्यात झणझण! (मी मागून घेऊन चार वेळा लावून बघितला.) ते म्हणाले, कानाच्या आत घोड्याच्या रिकिबीच्या आकाराचं, अंगातलं सगळ्यात छोटं हाड असतं, ते हलायला हवं, तुमचं दोन्ही कानांत जाम झालंय. अशा काही लोकांना गोंगाटात उलट बरं ऐकू येतं. गोंगाट त्यांच्यापर्यंत कमी पोचतो आणि समोरचे तर ओरडूनच बोलत असतात.

मी विजयी मुद्रेने मंगलकडे पाहिलं. तिने डॉक्टरांना विचारलं, "यांनी तुम्हाला आधी फोन केला होता का?"

उपाय ऑपरेशनचा. त्या हाडाच्या जागी तांदळाच्या कणीहून लहान पिस्टन. जाम झालेलं यंत्र म्हटल्यावर माझी उत्सुकता चाळवली. कशाचा असतो, झिजतो का, गॅरंटी काय? डॉक्टर म्हणाले, बहुतेकांना चांगलं ऐकू येतं, काहींना फरक पडत नाही, क्वचित एखाद्याचं आहे तेही जातं.

"तो शेवटचा मुद्दा काढून टाका," मी म्हणालो.

"तो निघत नाही."

"मग दोन्ही कान एकदम करून द्या."

"एका वेळी एकच. त्या शेवटच्या मुद्द्यासाठीच."

शेवटी मी उजवा कान पुढे केला.

उजवा कान बधिर केला, मी जागाच होतो. मधेच अचानक ट्रेमधली हत्यारं खणखणली, कुणाच्या तरी चपला वाजल्या. "ऐकू येतंय का?" डॉक्टर कुजबुजले. मी म्हणालो, "हळू बोला."

मग कानात बोळा, शिंक तोंड उघडून द्यायची, ओझं उचलायचं नाही, महिनाभर गिरणीत पाऊल नाही. बोळा निघाल्यावर घरी आलो आणि म्हणालो, "हा पंखा एवढा आवाज करतो?"

"लग्नापासून करतो," मंगल स्वयंपाकघरात स्वतःशीच म्हणाली.

"मग सांगायचं नाही?" मी बाहेरून म्हणालो. ती हातातलं लाटणं घेऊन दारात आली.

महिन्याने गिरणीत गेलो, तर चक्की कानात घुसली! आता मलाही इतरांसारखंच गोंगाटात धड ऐकू येईना. एका बाईला मी तीनदा विचारलं, गहू की बाजरी. माझा जेवणाचा डबा घेऊन आलेली मंगल हे पाहत होती. डॉक्टरांचं गोंगाटाचं म्हणणं खरं होतं, हे तिला उमगलं. माझ्या उजव्या कानाशी येऊन ती म्हणाली, "चुकलं माझं. तुम्हाला खरंच ऐकू येत नव्हतं."

शब्द न् शब्द ऐकू आला. पण हा पहिला भाव होता. मी कानामागे हात धरला. "काय?"

ती जरा मोठ्याने म्हणाली. दोन बायकांनी वळून पाहिलं. रांगेत आठ जणी होत्या, मला आठही हव्या होत्या. "काय?"

तिसऱ्यांदा ती अक्षरशः ओरडली आणि नेमकं लोडशेडिंग झालं. चक्की उसासा टाकून थांबली, आणि "खरंच ऐकू येत नव्हतं" हे शब्द संपूर्ण शांततेत आठही जणींनी ऐकले. सौदा पूर्ण झाला होता. फक्त गप्प बसायचं होतं. आणि माझं तोंड म्हणालं, "काय? जरा मोठ्याने."

रांगेतली हरसूलकडची म्हातारी म्हणाली, "आरं बाबा, चक्की बंद हाय."

मंगल म्हणाली, "माझे शब्द परत घेतले मी." आणि डबाही घेऊन गेली.

डावा कान अजून तसाच आहे. डॉक्टर म्हणतात, तोही करून घ्या, फक्त घरचं कुणीतरी सोबत आणा. पण तो कान खराब आहे, यावर आमच्या घरात एकाचाही विश्वास नाही.