राजा गेला तेव्हा मी भांडी घासत होतो

"तू फक्त भांडी घास. स्वयंपाकाचं मी आणि दिल बघतो."

एवढं बोलून देशपांडेनं माझ्या हातातली पळी काढून घेतली. वांग्याची भाजी अर्धीअधिक शिजली होती. ती माझ्या डोळ्यांदेखत कचऱ्यात गेली. आदल्या दिवशी आईचा फोन मी स्पीकरवर घेतला होता आणि आई नेहमीसारखं "जय भीम, बेटा" म्हणाली होती. बस, तेवढंच घडलं होतं.

अमेरिकेत, ट्रॉयमधलं भाड्याचं अपार्टमेंट, राहणारे तिघं. मी नागपूरचा. देशपांडे पुण्याचा, ऑफिसात माझा टीम लीड. माझ्या व्हिसाचं एक्स्टेन्शन त्याच्या शब्दावर अडलेलं. तिसरा दिलबहादूर, नेपाळचा, इथं कॉलेजात शिकणारा. व्हिसासाठी मी मूग गिळून गप्प बसलो. इंजिनिअर माणूस, कोपरापर्यंत फेस लावून त्याच्या कढया घासत राहिलो. माझं ताट वेगळं झालं, तेही सोसलं.

मग नेपाळचा राजा गादीवरून गेला. देशपांडे लॅपटॉपपुढं जेवत हळहळत होता. ताटात दिलनं केलेला डाळभात. मी सिंकपाशी.

"जगातलं एकमेव हिंदू राज्य बुडालं यार. जंगलातले बंदूकवाले माओवादी आता खुर्चीत बसणार. सगळ्या पक्षांचं कडबोळं. ज्यांना कुणी दारात उभं करत नव्हतं, ते मंत्री होणार." मग तो वळला. "दिल, तुम्हारा राजा गया. बुरा लगा होगा."

"मेरा कब था?" दिल म्हणाला. "मैं दमाई हूँ. गाँव में मेरे हाथ का पानी नहीं चलता. मेरी दीदी उसी जंगल में लड़ते हुए मरी."

देशपांडेचा घास हातातच राहिला. बहादूर म्हटल्यावर त्यानं याला सरळ क्षत्रिय धरलं होतं. वर्षभर त्याच्या हातचं बोटं चाटून खाल्लं होतं. मला हसू आलं नाही. संताप आला. दिलचाही आला, हा इतके महिने माझं घासणं बघत गप्प होता. आणि सगळ्यात जास्त माझा स्वतःचा. तिकडं एका देशानं राजा खाली उतरवला आणि मी इकडं याच्या कढईचा तळ खरवडतोय.

देशपांडेनं ताट कचऱ्यात उलटं केलं. माझ्याकडं न बघता म्हणाला, "तुम्ही दोघं दुसरी जागा बघा."

"जागा तू बघ." तोवर मी त्याला सर म्हणत होतो. "मी इथंच राहणार. उद्याचा स्वयंपाक मी करणार."

"मग एक्स्टेन्शनचं विसर."

"विसरलो."

त्यानं शब्द खरा केला. मला परतावं लागलं. नागपुरात आमचेच लोक म्हणाले, थोडं आणखी सोसलं असतंस तर काय बिघडलं असतं? बिघडलं असतं. आमच्या सोसण्यावरच तर हे पोसले गेलेत. माझ्याकडून आता तह नाही. यापुढं असा कुणीही भेटला, ऑफिसात, लग्नात, कुठंही, तर चारचौघांत, त्याचं आडनाव घेऊन, त्याच्या तोंडावर बोलणार. नोकरी गेली तर जाऊ दे.