आधी डोळे, मग दुसरी मूर्ती

काल दुपारी रोह्यात, कंपनीच्या कँटीनमध्ये, भातावर आमटी घेता घेता मी रडायला लागले. समोरच्या दोघी घाबरल्या, त्यांना वाटलं घरी काहीतरी झालं... झालंच होतं, पण चांगलं. माझी भाची प्रांजल दहावीला गणितात पास झाली होती.

यात रडण्यासारखं काय, असं वाटेल. म्हणून पहिल्यापासून सांगते.

माझं माहेर पेणजवळच्या जोह्याचं. दादाचा गणपतींचा कारखाना आहे आणि प्रांजल त्याची एकुलती एक. मूर्तीचे डोळे रेखायचे, ज्याला आमच्याकडे आखणी म्हणतात, त्याला दादा आता स्वतः बसतच नाही, लेकीला बसवतो. इतका तिचा हात चांगला आहे.

पण प्रांजलला व्हायचं होतं माझ्यासारखं, लॅबमध्ये. आणि दादाने सरळ सांगून टाकलं होतं, "गनित सुटला तर सायन्स. नाय सुटला तर कारखान्यात बसायचा. हात हाय पोरीचा, उपाशी नाय मरायची."

म्हणून जानेवारीपासून मी दर रविवारी जोह्याला जायला लागले. कारखान्यातच चटई टाकायची, शेजारच्या आणखी दोघी मुली यायच्या. पहिल्याच रविवारी प्रांजलने प्रिलिमचा बीजगणिताचा पेपर पुढे केला... चाळीसपैकी नऊ.

मी चिडकी आहे, घरात सगळ्यांना माहीत आहे. पेपर उघडला आणि पारा चढला. एकही प्रश्न सोडलेला नव्हता आणि एकही पूर्ण केलेला नव्हता. सगळीकडे सूत्र लिहिलेलं, बऱ्याच ठिकाणी किमती घातलेल्या, उत्तर मात्र शोधून सापडेना. एक ना धड भाराभर चिंध्या, असं मी तिला सगळ्यांसमोर म्हणालेसुद्धा.

ती खाली मान घालून बसली. मी रागाने दुसरीकडे तोंड फिरवलं. समोर फळीवर चाळीसेक मूर्ती होत्या, परदेशी जाणारा माल, लवकर रंगायला घेतलेला. सगळ्यांचे पीतांबर पिवळे झालेले... आणि डोळे एकाही मूर्तीला नव्हते.

माझा राग तिथेच उतरला. मी तिला विचारलं, "तू पेपर लिहिलास कसा गो?"

"आपन कारखान्यात करतो तसा," ती म्हणाली. "एक रंग काढला का सगल्यांना लावून घ्यायचा. आधी सगली सूत्रा लिवली, मंग किमती घातल्या. उत्तरा शेवटी करनार होते... टाइम संपला."

हसावं की रडावं कळेना. पोरगी ढ नव्हती, आळशी तर नव्हतीच. लहानपणापासून जसं काम करायला शिकली, तसाच तिने इमानदारीने पेपर लिहिला होता. आणि मी मात्र नऊ मार्क बघून तिच्याबद्दल मत करून मोकळी झाले होते, याची फार लाज वाटली.

मग सुचलं ते विचारलं, "आणि गिऱ्हाईक गाडी घेऊन दारात उभं राहिलं तर काय करता?"

"मंग ती एकच पुढं घेतो. डोले करून हातात देतो..." एवढं बोलून ती थांबली. माझ्याकडे बघत राहिली. तिला समजलं होतं, मला पुढे काही शिकवावं लागलं नाही.

तेव्हापासून आमचा एकच नियम. पेपरातला प्रत्येक प्रश्न म्हणजे दारात आलेलं गिऱ्हाईक, डोळे झाल्याशिवाय दुसऱ्या मूर्तीला हात लावायचा नाही. पण हाताची सवय अशी सुटते होय? मोबाइलवर टाइम लावून सोडवायला बसली की दहा मिनिटांत गाडी मूळपदावर. मी ओरडायचे, "डोळे!" चौथ्या रविवारी मी ओरडायच्या आधीच कोपऱ्यातून आवाज आला, "डोले, पोरी, डोले." दादा होता. ब्रशवरून मान वर न करता म्हणाला.

बोर्डाच्या भूमितीच्या पेपरला मी हाफ डे टाकला. वडखळच्या ट्रॅफिकने नेहमीप्रमाणे इंगा दाखवला आणि पेणला सेंटरवर पोचले तेव्हा मुली बाहेर पडत होत्या. प्रांजल आली ती तोंड एवढंसं करून. "आत्या, शेवटचे दोन पांढरेच ऱ्हायले."

मी घाईने विचारलं, "आणि बाकीचे?"

"बाकी सगल्यांचे डोले झाले."

ते दोन पांढरे प्रश्न मला निकालापर्यंत छळत होते. लॅबमध्ये सॅम्पल तपासताना मी मनात तिचे मार्क मोजायचे, दर वेळी वेगळेच यायचे.

काल कँटीनमध्ये फोन आला तो तिचाच. "आत्या, गनितात एकाहत्तर." मी दोनदा विचारलं, तिने दोनदा सांगितलं. मग फोन दादाने घेतला. मागे कारखान्यातला पंखा ऐकू येत होता.

म्हणाला, "सायन्सच्या कॉलेजचा टायमिंग काय असतो गो? आखनी त्या परमानं लावू."

माझ्या आयुष्यात दादाने कारखान्याचं टायमिंग कुणासाठी बदललेलं मी पाहिलेलं नाही. स्वतःच्या लग्नासाठीसुद्धा नाही. मग मी कँटीनमध्ये रडू नको तर काय करू...

एखाद्या मुलाला येत नाही असं म्हणण्याआधी, ते घरी काय काम करतं ते एकदा बघून यावं. फळीवरच्या त्या बिनडोळ्यांच्या चाळीस गणपतींचे मनापासून आभार. मला दिसलं ते त्यांच्यामुळे.