सुट्टीचा कवडसा

"पत्रा सरकून राह्यला गं. एक दिवस पडंल आपल्या डोक्यावर."

पहिल्या रांगेतली मुलगी शेजारणीच्या कानात बोलली. मी फळ्याकडे तोंड करून 'तीन छेद चार' लिहीत होते, तरी ते मला स्वच्छ ऐकू आलं. मागे वळून विचारायला हवं होतं, कोणता पत्रा, कुठे सरकतोय? त्याऐवजी खडू फळ्यावर उगाच जास्त दाबला आणि तो मोडला.

डी.एड.चा तो माझा पहिला सराव पाठ. राजूरच्या अलीकडच्या एका गावातली जिल्हा परिषदेची शाळा, चौथीचा वर्ग, मुलं शहाबादी फरशीवर बसलेली, वर पत्र्याचं छप्पर. सगळ्यांच्या मागे लाकडी खुर्चीवर आमच्या कॉलेजच्या मॅडम, मांडीवर पाठाची वही उघडून. मी लाल पुठ्ठ्याचे गोल कापून नेले होते. आमच्या इंग्रजी शाळेच्या पुस्तकात अपूर्णांक शिकवायला भाग पाडलेल्या एका गोलाचं चित्र असायचं. तो पिझ्झा, खायचा असतो, हे मला बारावीनंतर कळलं. तसेच गोल मी केले, त्यांचे भाग केले, आणि "पाऊण म्हणजे किती?" असं विचारलं. कोणीच उत्तर दिलं नाही, कारण कोणालाच ऐकू गेलं नव्हतं.

परतताना जीपमध्ये मॅडम म्हणाल्या, "तुझा पाठ मला दिसला. ऐकू आला नाही." मग वही मिटून, "पुढच्या आठवड्यात ऋतूंचा पाठ घे. तोही मागच्या भिंतीपर्यंत पोचला नाही, तर मी पास करू शकत नाही, बाळा. वर्ष पुन्हा करावं लागेल."

मी मान हलवली. मान हलवणं मला चांगलं जमायचं. वडील नवीन जालन्यात बियाण्यांच्या कंपनीत लागले, म्हणून मी इंग्रजी शाळेत गेले. तिथे माझं इंग्रजी खेड्यातलं ठरलं. सुट्टीत गावी गेले की माझं मराठी पुस्तकातलं ठरायचं. मी 'नाही' म्हटलं की चुलत भावंडं नाकात बोलून नक्कल करायची. आत्या म्हणायची, "बोल की वं, तोंडात गुळणी धरली का?" दोन्हीकडे कोणी हसू नये म्हणून मी दोन्हीकडे हळू बोलायला लागले, आणि ते तसंच राहिलं.

दुसऱ्या पाठाच्या दिवशी मी एकटीच पहिल्या जीपने गेले. रिकाम्या वर्गात एकदा मोठ्याने बोलून बघावं, हा विचार. पण वर्ग रिकामा नव्हता. पहिल्या रांगेतली तीच मुलगी झाडून काढत होती. तिच्या घरी मेंढरं होती, त्यामुळे तिचा दिवस सगळ्यांच्या आधी सुरू व्हायचा. झाडू फिरला तशी फरशी उघडी पडली आणि मला गोल दिसले. रुपयापेक्षा थोडे मोठे, खिळ्याने कोरलेले, वरून कोळसा घासलेला. वर्गाच्या मधोमध एक, मग पुढे पुढे करत पार फळ्याखालच्या भिंतीपर्यंत.

"हे काय गं?" मी विचारलं. एकटीला विचारायला आवाज लागत नाही.

"सुट्टीचे गोल हायेत, बाई." तिने झाडूच्या टोकाने वर दाखवलं. पत्र्यात खिळ्याचं एक भोक होतं. "तिथून कवडसा पडतो. गोलात आला की मधली सुट्टी. ढग असले की गुरुजींच्या घड्याळावर."

"मग इतके कशाला?"

"एक जागी ऱ्हातच न्हाई ना. जूनमंदी हितं व्हता." ती मधल्या गोलावर उभी राहिली. मग टणाटण उड्या मारत, "हा पोळ्याचा. हा दिवाळीनंतर शाळा भरली त्या दिवशीचा. अन् हा भिंतीपाशी, नाताळचा. पत्रा सरकून राह्यलाय, बाई. समदे म्हणतेत."

मी त्या गोलांकडे बघत राहिले. ज्यासाठी मी चेंडू, छत्रीची काडी आणि बॅटरी पिशवीत भरून आणली होती, ते या पोरांनी सहा महिने बसून फरशीवर कोरून ठेवलं होतं.

"पण आता माघारी यायलाय," ती बारीक आवाजात म्हणाली. हे तिने कोणाला सांगितलं नसावं. "ह्यो कालपरवाचा, संक्रांतीचा गोल बघा. पत्रा वर कसा चढंल?"

मला उत्तर माहीत होतं. तोंड उघडलं, तेवढ्यात पोरं दप्तरं आपटत आत आली.

पाठाला मॅडम मागे बसल्या. मी चेंडूवर बॅटरीचा उजेड टाकला. खिडक्या उघड्या, पत्र्याला भोकं, त्यात तो उजेड कोणाला दिसणार?

"बाई, दिसंना!"

"अन् ऐकूबी येईना!"

मागे पान उलटल्याचा आवाज आला. मी बॅटरी टेबलावर ठेवली आणि भिंतीजवळच्या गोलापाशी जाऊन उभी राहिले. म्हणाले, "सुट्टीचा कवडसा जूनमध्ये तिथे, मधोमध होता. इथे कसा आला?"

हे मात्र सगळ्यांना ऐकू गेलं, कारण ते त्यांचं होतं.

"पत्रा सरकला, बाई!"

"वांदरं नाचतेत वर!"

"तुझा बाप नाचतो!"

"मंग माघारी कामून आला?" मेंढरांवाली मुलगी उठून उभी राहिली. तिने खाली वाकून वितीने मोजलं. दिवाळीच्या गोलापासून भिंतीजवळच्या गोलापर्यंत सव्वातीन वीत. तिथून संक्रांतीचा गोल पावणेदोन वीत माघारी, जरा बाजूला.

"मग दिवाळीच्या गोलापर्यंत यायला किती राहिलं?" मी विचारलं.

"दीड!" आठ-दहा जण एकदम ओरडले. आठवड्यापूर्वी लाल पुठ्ठ्यापुढे मुकी बसलेली हीच मुलं. मला हसू आलं, आणि वर्गात मी कधी दात दाखवून हसेन असं मला वाटलं नव्हतं.

सगळ्यात उंच पोराला मी मधोमध उभं केलं. "तू सूर्य. हलायचं नाही. आणि हा चेंडू आपली पृथ्वी."

"सूर्याला शेंबूड आलाय, बाई!"

सूर्याने बाहीला नाक पुसलं. मी छत्रीची काडी चेंडूतून आरपार घातली, ती तिरकी धरली आणि त्याच्याभोवती चालायला लागले. काडीचा तिरकेपणा जराही न बदलता. मुलं गुडघ्यांवर सरकत माझ्यामागे फिरत होती. एका बाजूला काडीचं वरचं टोक सूर्याकडे झुकलं, समोरच्या बाजूला सूर्यापासून लांब गेलं. "हा जून, सूर्य डोक्यावर," मी म्हणाले. "आणि हा नाताळ, सूर्य कललेला." मेंढरांवाली मुलगी एकदा चेंडूकडे, एकदा फरशीकडे बघत होती. तिच्या कपाळावरच्या आठ्या हळूहळू सुटायला लागल्या होत्या. आता फक्त एक वाक्य राहिलं होतं.

"आला!" कोणीतरी किंचाळलं. कवडसा संक्रांतीच्या गोलात शिरला होता.

कवडसा आला की सुट्टी, हा या वर्गाचा कायदा होता. सूर्य सगळ्यांत आधी पळाला. त्याच्यामागे सगळा वर्ग दाराकडे, पाटीवर पाटी, पायात पाय. मॅडमनी पेनचं टोपण काढलं. ती मुलगी दारात थबकून माझ्याकडे वळून बघत होती. तिच्या चेहऱ्यावर तोच प्रश्न अर्धा उरला होता.

"थांबा!"

तो आवाज माझाच आहे हे कळायला मला क्षणभर लागलं. पत्रा घुमला. व्हरांड्यात गुरुजींनी हातातली घंटा तशीच धरून ठेवली. दारातली पोरं एकमेकांवर आदळून थांबली, आणि मागच्या भिंतीला टेकलेल्या मॅडम खुर्चीत दचकून सरळ झाल्या.

पुस्तकातलं वाक्य मी चार दिवस पाठ केलं होतं. ते आठवलंच नाही. आलं ते आत्याच्या घरचं, अख्ख्या आवाजात.

"पत्रा बिलकुल सरकला न्हाई! आठ-दहा दिवसांनी कवडसा दिवाळीच्या गोलावरून जातो का न्हाई, बराबर बघा! पत्रा हाय तिथंच हाय. आपण फिरून राह्यलो, आपण!"