साडूची वीज

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. मित्राला नाही, डॉक्टरला नाही. बायकोला तर मुळीच नाही, कारण ज्याच्याबद्दल सांगायचं आहे तो तिच्या धाकट्या बहिणीचा नवरा. म्हणजे माझा साडू, दिवाकर.

साडू म्हटलं की तुम्ही हसणार, ठाऊक आहे. दोन साडू एका पंगतीला बसले की कुणाच्या ताटात काय पडलं याकडे दोघांचंही लक्ष असतं, ही जुनी थट्टा आहे. माझ्या बाबतीत मात्र ती थट्टा राहिली नाही.

वणीला माझा फोटो स्टुडिओ आहे. लग्नं, बारशी, पासपोर्टचे फोटो — आयुष्य त्यातच गेलं. त्यात खास माझं म्हणावं असं एकच होतं : विजेचे फोटो. आभाळ भरून आलं की मी दुकानाचं शटर ओढायचो आणि खाणीच्या बाजूला निघायचो. कोळसा काढताना बाहेर टाकलेल्या मातीचे तिथे डोंगर झालेत, त्यांच्यामागे वीज फार देखणी दिसते. लोकांना वाटतं, वीज दिसली की बटण दाबायचं. अहो, दिसली तेव्हा ती गेलेली असते! कॅमेरा स्टँडवर लावायचा, अंधारात त्याचा डोळा उघडा ठेवायचा आणि वाट पाहायची. अंधारात कॅमेऱ्याला स्वतःहून फोकस सापडत नाही. म्हणून उजेड असतानाच लांबचा एखादा दिवा धरायचा, मागच्या पडद्यावर तो मोठा करून पाहायचा आणि लेन्सची रिंग हाताने हळूहळू फिरवायची, दिव्याचा बारीक ठिपका होईपर्यंत. मग रिंग हलू नये म्हणून तिच्यावर चिकटपट्टी लावून टाकायची. नवखा माणूस रिंग शेवटपर्यंत फिरवतो. लांबचं आहे, तर शेवटपर्यंतच असणार, असं त्याला वाटतं. तिथेच तो फसतो. शेवटाच्या जरा अलीकडे थांबावं लागतं.

हे सगळं दिवाकरला शिकवलं कुणी? मीच.

त्याचं राळेगावला कृषी केंद्र आहे. बियाणं, औषधं, दिवसभर गिऱ्हाईक, आणि त्यात याचं मोठमोठ्यानं हसणं. कॅमेरा मीच त्याला निवडून दिला. पहिलं वर्ष तो ऊठसूट फोन करायचा — भाऊ, हे कसं करायचं, भाऊ, ते कसं करायचं. मला बरं वाटायचं. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटायचं.

मग त्याचे फोटो यायला लागले.

काय सांगू तुम्हाला? मी जागा हेरायचो, वारा पाहायचो, तासन्‌तास उभा राहायचो. हा दुकान बंद करून चप्पल घालून निघायचा, कुठल्याही कपाशीच्या शेताच्या धुऱ्यावर, बांधावर स्टँड रोवायचा आणि वीज जणू त्याचा पत्ता विचारत यायची. त्याच्या फोटोत काहीतरी असायचं. काय, ते मला आजही सांगता येत नाही, आणि सांगता येत नाही म्हणूनच अंगाचा तिळपापड व्हायचा. फुलसावंगीला आमच्या सासऱ्यांनी त्याचा फोटो मोठा करून बैठकीत लावला. आल्यागेल्याला कौतुकानं दाखवायचे. कुणी विचारलंच तर माझ्याकडे हात करून म्हणायचे, "हे मोठे जावई, यायचा फोटो स्टुडिओ हाये वणीले." किराणा दुकान आहे म्हणावं, तसं.

मी हसायचो. आतून जळायचो.

त्या वर्षी अधिक महिना ज्येष्ठात आला. धोंड्याचा महिना, जावयांचे लाड. सासूबाईंनी आम्हा दोघांना एकाच दिवशी बोलावलं. जायच्या आधीच कळलं होतं की नागपूरच्या एका प्रदर्शनात दिवाकरचे फोटो लागणार आहेत. भिंतभर मोठा करता येईल असा एक नवा फोटो त्यांनी मागितला होता. त्याला बोलावलं होतं. मला कुणी कधी बोलावलं नव्हतं. त्यानं ते किती सहज सांगितलं! "भाऊ, प्रिंट तुमच्याच इथं काढू," म्हणाला. जणू मला मानच दिला.

त्या संध्याकाळी दक्षिणेकडून ढग चढले. आम्ही दोघांनी सासऱ्यांच्या गच्चीवर, जिन्याच्या दारासमोरच स्टँड लावले. विजा पडत असताना गच्चीवर थांबायचं नसतं, म्हणून जिन्याच्या खोलीतून रिमोटनं फोटो काढायचं ठरलं. उजेड होता तोवर गावाबाहेरच्या टॉवरचा लाल दिवा धरून दोघांनी फोकस लावला, चिकटपट्ट्या लावल्या. तेवढ्यात खालून सासूबाईंची हाक आली, ओवाळायचं आहे, दोघं खाली या. दिवाकर लगेच निघाला. जिन्यातून वळून म्हणाला, "भाऊ, माह्या कॅमेऱ्याकडे ध्यान ठेवजा."

ध्यान ठेवजा.

मी त्याच्या लेन्सवरची चिकटपट्टी सोडवली. रिंग शेवटपर्यंत फिरवली. चिकटपट्टी होती तशी परत दाबून बसवली. मग खाली गेलो, पाटावर त्याच्या शेजारी बसलो. सासूबाईंनी कुंकू लावलं, ओवाळलं, ताटात अनारसे ठेवले. मी नमस्कार केला.

नंतर जे वादळ आलं, तसं मी पुन्हा पाहिलं नाही. एका क्षणी गावाच्या दोन्ही बाजूंना दोन विजा एकदम पडल्या, मधोमध पाण्याची टाकी काळी उभी. त्याच क्षणी मी माझा आधीचा फोटो पडद्यावर पाहत होतो, कॅमेऱ्याचं शटर बंद. नवख्याची चूक, इतक्या वर्षांनंतर! दिवाकरचं शटर उघडं होतं. त्याच्या कॅमेऱ्याच्या इवल्याशा पडद्यावर ते दृश्य आलं तेव्हा तो ओरडलाच. घरचे सगळे गोळा झाले. एवढ्याशा पडद्यावर धूसरपणा कळत नाही. तो कळत होता एकट्याला, मला. मला वाईट वाटलं का? खरं सांगतो — बरं झालं, असं वाटलं. बरं झालं मी रिंग फिरवली.

दोन दिवसांनी तो प्रिंट काढायला वणीला आला. मी फोटो कॉम्प्युटरवर उघडला, मोठा केला. दोन्ही विजा कापसाच्या वातीसारख्या फुगलेल्या, टाकीच्या कडा विरघळलेल्या. एकूण एक फोटो तसाच. दिवाकर खुर्ची पुढे ओढून बघत राहिला. मग म्हणाला, "मले तर तवा दिवा बराबर ठिपक्यावानी दिसला होता, भाऊ. माह्ये डोये गेले का?"

इथे थांबता आलं असतं. पट्टी ढिली झाली असेल, रिंग हलली असेल, काहीही बोलता आलं असतं. त्याला नुकतीच शुगर निघाली होती, हे मला माहीत होतं. मी म्हणालो, "शुगरनं होते असं."

बस. एवढंच बोललो. रिंग फिरवली ती जळफळाटात, पण हे वाक्य मी शांतपणे बोललो, त्याच्या खांद्यावर हात ठेवून.

प्रदर्शनवाल्यांना त्यानं नकार कळवला. डोळ्यांच्या डॉक्टरनं सांगितलं, वाचायचा चष्मा लागेल, बाकी डोळे ठीक आहेत. त्याला ते पटलं नाही. डॉक्टरला फोकसमधलं काय कळतं, म्हणाला, भाऊला कळतं. कॅमेरा त्यानं विकून टाकला. लेन्स मला देऊन टाकली, तुमच्या कामी येईल म्हणून. ती मी घेतली. वापरतो.

आणि त्याचे फोन थांबले नाहीत. राळेगावकडे ढग आले की आजही त्याचा फोन येतो, "भाऊ, आभाय भरलं, निघाले का नाही?" कुठल्या बाजूला उभं राहायचं, हेही सांगतो. त्याचं ऐकून काढलेले फोटो माझे सगळ्यात चांगले फोटो आहेत. लोक वाखाणतात. बैठकीतला त्याचा फोटो मात्र सासऱ्यांनी अजून काढलेला नाही, आणि दर खेपेला माझी नजर आधी तिकडेच जाते. इतकं करूनही मत्सर गेला नाही. जाईल असं मला का वाटलं होतं?

मागच्या महिन्यात त्याची मुलगी स्टुडिओत आली होती, पल्लवी. पुण्याला नोकरीला लागली आहे. पहिल्या पगारातून बापाला काहीतरी द्यायचं होतं. म्हणाली, "मावसाजी, बाबाले कॅमेरा घेऊन देऊ का? आभाय आलं का ते अजूनही गच्चीवर जाऊन उभे राहतात. पण त्यायचे डोये साथ देतीन का? तुमी म्हणान तसं करतो."

तिनं विचारलं, आणि माझ्या डोळ्यांसमोर पहिल्यांदा काय आलं असेल? त्या दोन विजा. तो पुन्हा कॅमेरा हातात घेईल, आणि त्याला पुन्हा तसा फोटो मिळेल. या वेळी स्पष्ट.

मी म्हणालो, "राहू दे बेटा. कायले उगाच त्याले त्रास?"

तिनं मान डोलावली. मी म्हटलं म्हणजे खरंच असणार. त्याच दिवशी तिनं त्याच्यासाठी घड्याळ घेतलं, मोठ्या आकड्यांचं, लांबून दिसावं म्हणून. रात्री त्याचा फोन आला, पोरीनं किती विचार केला पाहा, असं सांगत होता. मी म्हटलं, हुशार आहे पोर.

दिवाकरचे डोळे चांगले आहेत. माझ्यापेक्षा चांगले आहेत. पहिल्यापासून होते.