शुक्रवारची बरणी

माझ्या मामाच्या जिभेला हाड नाही, हे घरात सगळ्यांना माहीत आहे आणि त्याच्या डेअरीवर येणाऱ्या गिऱ्हाइकांना तर आमच्याहून जास्त. कोण वाळलंय, कोणाच्या पोराचा चेहरा उतरलाय, कोण उगाच गोळ्या गिळतोय, या सगळ्यावर त्याचं औषध एकच, गरम दूध आणि वर बोटभर साय. तो स्वतःही रोज सकाळी काउंटरमागे उभा राहून, सगळ्यांच्या देखत, एक मोठा पेला रिकामा करायचा आणि मिशीला लागलेली साय मुद्दाम पुसायचा नाही. ती जाहिरात आहे, असं मामी म्हणायची.

मामी त्याच्या अगदी उलट. ती हॉस्पिटलातल्या औषधांच्या खिडकीमागे बसते. चिठ्ठी वाचायची, औषध काढायचं, पुन्हा एकदा चिठ्ठीकडे बघायचं आणि मगच ते पुढे सरकवायचं. रांग कितीही कुरकुरली तरी तिने हे दुसऱ्यांदा बघणं कधी टाळलं नाही, आणि तिच्या हातून कधी चुकीची गोळी गेली नाही. हे ती बोलून दाखवत नाही. मामा दाखवतो, दुधाच्या पिशव्या भरता भरता, ऐकणाऱ्याला हवं असो वा नसो.

घरात मात्र ती कधी दुसऱ्यांदा बघत नसे. मामाने गॅस बंद केला म्हटलं की बंद केला, दुकानाला कुलूप लावलं म्हटलं की लावलं. दुकानाच्या वर त्यांचं घर आणि त्याच्याही वरच्या खोलीत मी, त्यांची भाची, राहते, शाळेत शिकवते आणि जेवायला त्यांच्याकडे असते, त्यामुळे हे सगळं मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

गेल्या वर्षी मामीचं पोट बिघडलं ते काही केल्या सुधारेना. शेवटी डॉक्टरांनी दूध बंद करायला सांगितलं. दूध, दही, लोणी, सगळंच. मामाने ते ऐकलं आणि जणू डॉक्टरांनी दुकानाला टाळं ठोकायला सांगितलंय असा चेहरा केला. मामीने वाद घातला नाही. तिची कामाची पाळी सकाळी लवकर सुरू होते, तेव्हा स्वयंपाकाला वेळ नसतो, म्हणून तिने रविवारी दुपारी आठवड्याभराची न्याहारी करून ठेवायचं ठरवलं. भिजवलेले बदाम सोलून, मिक्सरमधून काढून, फडक्यातून गाळून ती त्यांचं दूध करायची. मग काचेच्या बरण्यांत ओट्स, भाजून कुटलेलं जवस, चिरलेला खजूर, किसलेलं सफरचंद, दालचिनीची चिमूट आणि वरून ते बदामाचं दूध. झाकणं घट्ट लावून सोमवार ते शुक्रवारच्या बरण्या फ्रीजच्या मधल्या कप्प्यात रांगेत बसायच्या. रोज सकाळी एक उचलायची आणि निघायचं.

"बदामाला आचळं कुठं असतात?" मामाने पहिल्याच रविवारी विचारलं, आणि मी हसून हसून खाली बसले. त्या बरण्यांना तो कुरण म्हणायचा. मामी बरणी घेऊन निघाली की, चरायला निघाली, म्हणायचा. दुकानात तर त्याला नवा विषयच मिळाला. सगळ्या गल्लीला कळलं की डेअरीवाल्याची बायको गवत खाते. मामीही हसायची. तिला माहीत होतं की तिच्या औषधांच्या खिडकीचं कौतुकही हाच तोंड भरून करतो.

पुढचं मामाने मला नंतर स्वतः सांगितलं, मान वर न करता.

झालं होतं असं, की सकाळचा तो जाहिरातीचा पेला त्यालाच सोसेनासा झाला होता. दुपारी छातीत जळजळायचं, पोट फुगायचं. आयुष्यभर ज्याने गावाला दूध पाजलं, त्यानेच, मला दूध पचत नाही, म्हणायचं? एका गुरुवारी दुपारी तो जेवायला घरी आला. मामी कामावर होती आणि जेवण नकोसं वाटत होतं. फ्रीज उघडला तर समोर शेवटची बरणी. बघू तरी काय गवत आहे, म्हणून त्याने एक चमचा खाल्ला. चार दिवसांत खजूर पार विरघळला होता आणि दालचिनीचा वास आत मुरला होता. दुसरा चमचा खाल्ला. मग बरणीच संपली, आणि पोट बिचारं गप्प बसलं.

आता डेअरीवाला माणूस खरकटं भांडं ठेवील का? हात आपोआप चालले. त्याने बरणी गरम पाण्याने घासली, कोरडी पुसली आणि मामीच्या रिकाम्या बरण्यांत नेऊन ठेवली. तिच्याकडे डझनभर बरण्या होत्या. तिथे एक जास्त दिसली असती तर फक्त मामीला, आणि तिला वाटलं असतं की आपण ही भरलीच नाही.

तिला तेच वाटलं. शुक्रवारी ती उपाशीच कामावर गेली. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. त्या संध्याकाळी चहा घेताना तिने आधी मला विचारलं. मी नाही म्हटलं, कारण मी खाल्लीच नव्हती. मग तिने मामाला विचारलं.

"मी? ते गवत?" मामा म्हणाला. "त्यापेक्षा गोठ्यात जाऊन चार घास खाईन. तूच खाल्ली असशील नि विसरली असशील."

खाई त्याला खवखवे म्हणतात, ते उगाच नाही. एवढ्या जोरात बोलायची गरजच नव्हती. मामी मात्र हसली नाही. तिने कप खाली ठेवला आणि, असेल, एवढंच म्हणाली.

मामीची आई शेवटी स्वतःच्या मुलीला ओळखत नव्हती. तिचंही सुरू झालं ते असंच, डाळीत मीठ दोनदा पडण्यापासून. मामीने ते घरात बसून पाहिलं होतं, तिचे केस विंचरले होते, तिला घास भरवले होते. मामानेही पाहिलं होतं. सासूला गाडीत बसवून फिरवून आणायचा तोच. पण विसरली असशील हे तोंडातून निघालं तेव्हा त्याला फक्त स्वतःची मिशी वाचवायची होती. याबद्दल मला त्याचा अजून राग येतो.

त्यानंतर मामी हळूहळू बदलली. बोलता बोलता थांबायची आणि, हे मी आधी सांगितलं का, विचारायची. जिन्याच्या अर्ध्यावरून परत फिरून दिवा बघायची. औषधाच्या खिडकीत तर ती एकेक चिठ्ठी इतक्या वेळा वाचू लागली की रांग दारापर्यंत गेली. मला न सांगता ती एकटीच डॉक्टरकडे जाऊन आली. तपासण्यांत काही निघालं नाही, तर तिला वाटलं की आईच्या वेळीही सुरुवातीला काही निघालं नव्हतं.

मामाला हे दिसत नव्हतं असं नाही. एक आठवडा त्याने बरणीला हात लावला नाही. त्या शुक्रवारी मामीचा चेहरा असा उजळला की बघवेना. पुढच्या गुरुवारी दुपारी घर रिकामं होतं, जळजळ होत होती, आणि त्याने फ्रीज उघडला. मांजर डोळे मिटून दूध पितं म्हणतात. इथे दूधवालाच डोळे मिटून बसला होता. त्याला वाटलं, एक आठवडा ठीक गेला म्हणजे ती सावरली. तिला मात्र खात्रीच पटली. कधी नीट, कधी नाही, आईचंही अगदी असंच होतं.

मग तो रविवार आला. मामीने मला ओट्याजवळ बोलावलं आणि, माझ्या हाताकडे बघ, म्हणाली. ती बरणी भरायची, झाकण लावायची आणि मला विचारायची, भरली ना? मी, भरली, म्हणायचे. शेवटच्या बरणीपाशी तिने चमचा खाली ठेवला. शुक्रवारीच तिने हॉस्पिटलातल्या मुख्य बाईंना सांगितलं होतं की मला खिडकीवरून काढा, आत गोदामात खोकी लावायला बसवा. उद्या तसं लिहून द्यायचं होतं.

"खोकं चुकीच्या जागी गेलं तर कोणी मरत नाही," ती म्हणाली. "माझ्या हातून कोणाला चुकीची गोळी गेली, तर मी कुठं तोंड दाखवू?"

मामा दारात उभा होता. दुकानातून सुटे न्यायला आला होता. त्याने ते ऐकलं, सुटे न घेताच वळला आणि जिना उतरला. मला वाटलं गेला. थोड्या वेळाने तो परत आला, दुकान उघडं टाकून, जे त्याने जन्मात कधी केलं नव्हतं.

"ती बरणी मी खात होतो," तो म्हणाला.

मामीला आधी कळलंच नाही. कुठली, म्हणून तिने विचारलं.

"शुक्रवारची. धुऊन ठेवत होतो. तू काही विसरली नाहीस. तुझं सगळं ठीक आहे. मला लाज वाटत होती."

मला वाटलं ती ओरडेल, निदान रडेल. माझ्या हातात झाकण होतं आणि ते मी का धरून ठेवलंय तेही मला कळेना. मामीने आधी हात पुसले, मग खुर्ची ओढून बसली. ओट्यावरची शेवटची बरणी तिने जवळ ओढली.

"मला आठवत होतं," ती म्हणाली. "भरलेली, झाकण लावलेली, सगळं डोळ्यांसमोर दिसत होतं. पण तुम्ही नाही म्हणालात. माझ्या डोक्यापेक्षा तुमच्या शब्दावर माझा जास्त विश्वास होता."

मामा तिथेच जमिनीवर बसला. एवढा मोठा माणूस, एप्रनसकट. खाली कोणीतरी, दूध द्या हो, म्हणून हाका मारत होतं आणि त्याला उठता येत नव्हतं.

सोमवारी मामी कामावर गेली तेव्हा तो तिच्या मागोमाग हॉस्पिटलात पोचला. ती नको म्हणत होती, मीच सांगीन म्हणत होती, पण त्याने ऐकलं नाही. औषधांच्या खिडकीपुढे नेहमीची रांग होती आणि त्यातली निम्मी माणसं त्याची गिऱ्हाइकं. त्याने मुख्य बाईंना बोलावून घेतलं आणि सगळ्यांच्या देखत सांगितलं की बायकोचं डोकं ठिकाणावर आहे, तिची बरणी मी चोरून खात होतो आणि खोटं बोललो, मला दूध पचत नाही. रांगेत आधी कोणी हसलं, मग कोणीच हसलं नाही. मुख्य बाईंनी त्याला बाजूला व्हायला सांगितलं आणि मामीला खिडकीशी बसायला सांगितलं. मामी आपल्या खुर्चीवर बसली आणि पहिली चिठ्ठी तिने हातात घेतली.

गल्लीने अर्थातच त्याला सोडलं नाही. कित्येक दिवस गिऱ्हाइकं दुधाबरोबर पेंडीभर गवत मागत होती. मामा खाली मान घालून पिशव्या भरायचा. सकाळचा पेला त्याने बंद केला. आता मामी रविवारी त्याच्याही बरण्या भरते, आणि तो बदाम सोलायला बसतो, एकही विनोद न करता. मामी त्याच्याशी नीट बोलते. जुनं काही उकरून काढत नाही.

फक्त एवढंच की मामी घरी असते त्या दिवशी दुपारी मामा दुकान बंद करून वर येतो, बरणी उघडून बसतो आणि म्हणतो, कुलूप लावलं. मामी, हो, म्हणते. मग चपला घालते, जिना उतरून खाली जाते आणि कुलूप ओढून बघते. ती परत वर येईपर्यंत मामा चमचा हातात धरून तसाच बसून राहतो.